छोट्या आगगाडीचे दिवे: डिकोडर, एलईडी आणि आपल्या रेल्वेचे नियम

जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा जेमतेम तेरा किलोमीटरचा आहे. मुंबईकडून येणारा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि त्यानंतर तीनच वर्षांत, १८७० साली, खामगावच्या कापूस बाजारासाठी हा फाटा सुरू झाला. घरातल्या एका खोलीत खराखुरा रेल्वेमार्ग लहान प्रमाणात उभा करू पाहणाऱ्या हौशी माणसाला बुलढाणा जिल्ह्यात याहून सोयीचा विषय सापडणार नाही. एका टोकाला मुख्य मार्गावरचे जंक्शन, दुसऱ्या टोकाला बाजारपेठेचे गाव आणि मधे एका छोट्या गाडीची ये-जा. १:८७ या प्रमाणातसुद्धा हे अंतर सुमारे दीडशे मीटर भरते, त्यामुळे काटछाट करावीच लागते. पण दोन स्थानके, चार-सहा सांधे, एक इंजिन आणि चार डबे एवढ्यात त्या मार्गाचा जीव उतरवता येतो. अडचण येते ती खोलीतला दिवा मालवल्यावर. जलंबच्या फलाटावर मुख्य मार्गावरच्या गाडीची वाट पाहत थांबलेली गाडी दाखवायची, तर ती उभी असतानाही तिचे दिवे लागलेले हवेत: पुढे पांढरे, शेवटच्या डब्याला लाल. ती खामगावला जाऊन परत फिरली की पुढचे मागे आणि मागचे पुढे व्हायला हवे. एवढी साधी मागणी पुरी करण्यासाठी गेल्या चाळीसेक वर्षांत जे तंत्र घडले, त्याचा हा आढावा आहे. त्यातून निघणारे मत आधीच सांगून टाकतो. एलईडीला किती ओहमचा रेझिस्टर लावायचा, हा या कामातला सोपा प्रश्न आहे; तो शाळेत शिकवलेल्या ओहमच्या नियमाने सुटतो. खरा निर्णय असतो तो कोणता दिवा कोणत्या दिव्यापासून स्वतंत्र ठेवायचा हा. आणि तो निर्णय परदेशी इंजिनांच्या आराखड्यावरून न घेता भारतीय रेल्वे रात्री गाडी कशी चालवते, यावरून घ्यायला हवा.

जुन्या पद्धतीत रुळांना शून्य ते बारा व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह देत. दाब कमी-जास्त केला की वेग बदले, धन-ऋण उलटवले की दिशा बदले. दिव्यालाही वीज त्याच रुळांतून मिळे. त्यामुळे गाडी हळू असेल तर दिवा मिणमिणता आणि गाडी उभी राहिली की अंधार. यावर उपाय झाले नव्हते असे नाही. रुळांतून वेगळा उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडून फक्त दिवे पेटते ठेवणारी उपकरणे होती, पण ती सगळ्या गाड्यांचे सगळे दिवे एकदम लावत. १९८० च्या दशकात जर्मनीत मेर्कलिन कंपनीने आपली डिजिटल पद्धत बाजारात आणली, आणि बर्न्ड लेन्झ यांनी दोन रुळांच्या गाड्यांसाठी विकसित केलेली पद्धत पायाभूत मानून अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात डीसीसी हे खुले मानक ठरवले. यात रुळांवर कायम चौदा-पंधरा व्होल्ट असतात, मात्र त्यांची दिशा सतत उलटसुलट होत राहते. या उलटण्याच्या लयीतच आज्ञा भरलेली असते: अर्धी लाट सुमारे ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर ‘एक’, १०० किंवा त्याहून लांब असेल तर ‘शून्य’. इंजिनातला डिकोडर हे वाचतो, आपल्या क्रमांकाची आज्ञा उचलतो आणि मोटर व दिवे वेगवेगळे चालवतो. दुसरी क्रांती दिव्याची. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळी एलईडी तयार केली, तिच्यावरून काही वर्षांत पांढरी एलईडी आली, आणि या निळ्या प्रकाशाच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याआधी छोट्या इंजिनाचा हेडलाइट म्हणजे बल्बच. तो प्लॅस्टिकच्या बंद खोक्यात तापून खोके वितळवी आणि उडाला की सगळे इंजिन उघडावे लागे.

डिकोडरच्या वायरींचे रंग मानकाने ठरवून दिलेले आहेत आणि ते पाठ असलेले बरे. लाल वायर उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची. दिव्यांसाठी निळी वायर सर्वांची सामाईक धन बाजू. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची, हिरवी आणि जांभळी त्यानंतरच्या दोन फंक्शनांची, म्हणजे आज्ञेने चालू-बंद होणाऱ्या जादा जोडण्यांची. नवशिक्याचा गोंधळ बहुधा इथे होतो, कारण घरातल्या वायरिंगमध्ये बटण फेजवर असते, म्हणून इथेही पांढरी वायर दिव्याला वीज ‘देते’ असे त्याला वाटते. प्रत्यक्षात वीज निळ्या वायरीतून येते आणि पांढरी, पिवळी वगैरे वायरी तिचा परतीचा रस्ता उघड-बंद करतात. म्हणून एलईडीचा धन पाय निळ्या वायरीकडे आणि ऋण पाय फंक्शनच्या वायरीकडे. उलट जोडली तर एलईडी लागणार नाही, आणि उलट दिशेचा दाब ती साधारण पाच व्होल्टपर्यंतच सोसते. हेच कारण आहे एलईडी थेट रुळांवर न जोडण्याचे. रुळांवर दर क्षणी दिशा उलटते, त्यामुळे अर्ध्या वेळेस एलईडीवर पंधरा व्होल्टचा उलटा मार बसतो. तिथे जोडायचीच असेल तर सोबत एक साधा डायोड उलट्या दिशेने समांतर लावावा. जुन्या इंजिनांत दिव्याचा एक पाय धातूच्या सांगाड्याला टेकवलेला असतो आणि सांगाडा एका रुळाशी जोडलेला. ती जोडणी आधी तोडायची, दिव्याचीही आणि मोटरचीही. मोटरची वायर चुकून रुळाच्या विजेला लागली तर डिकोडर एका क्षणात जातो. म्हणून नवे काही जोडण्याआधी मल्टिमीटरने सांगाडा आणि मोटर यांच्यात संपर्क उरलेला नाही, याची खात्री करून घ्यावी. या एका तपासणीने जितके पैसे वाचतात तितके दुसऱ्या कशानेच वाचत नाहीत.

आता रेझिस्टरचे गणित. रुळांवर १५ व्होल्ट धरले तर डिकोडरच्या आतल्या रेक्टिफायरमध्ये दीडेक व्होल्ट जातात आणि निळ्या वायरीवर साडेतेरा उरतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३.१ व्होल्ट लागतात. बाकीचे साडेदहा रेझिस्टरवर पडायला हवेत. १ किलोओहम लावला तर प्रवाह १० मिलिअँपियर, ४.७ किलोओहम लावला तर सव्वादोन मिलिअँपियर, १० किलोओहम लावला तर एक. जुन्या पुस्तकांतून १ किलोओहमचा आकडा सर्रास दिलेला आढळतो, कारण त्या काळच्या एलईडी मंद होत्या. आजच्या पांढऱ्या एलईडीला दोन मिलिअँपियर पुष्कळ झाले. शिवाय १ किलोओहमच्या रेझिस्टरमध्ये दहावा हिस्सा वॅट उष्णता तयार होते. पाव वॅटच्या रेझिस्टरला ती सोसते, पण तोच रेझिस्टर इंजिनाच्या प्लॅस्टिकला टेकलेला असेल, बाहेर विदर्भातला मे महिना असेल आणि गाडी दोन तास चालत असेल, तर प्लॅस्टिकला ती सोसेलच असे नाही. ४.७ किलोओहमवर तीच उष्णता चौपटीने कमी होते. माझे मत स्पष्ट आहे: ४.७ किलोओहमपासून सुरुवात करावी, फार अंधारे वाटले तरच खाली यावे. मर्यादा डिकोडरची नसते. फंक्शनची एकेक वायर साधारण १०० मिलिअँपियरपर्यंत प्रवाह सोसते. मर्यादा डोळ्यांची असते. अंधाऱ्या खोलीत वीस सेंटीमीटरचे इंजिन टॉर्चसारखे झगझगू लागले की त्याचे इंजिनपण जाते.

याहून मोठा वाद रेझिस्टर कुठे लावायचा याचा आहे. एक पक्ष म्हणतो, निळ्या सामाईक वायरीवर एकच रेझिस्टर लावा. वायरी कमी, जागा कमी, डाग कमी. पुढचा दिवा लागतो तेव्हा मागचा बंद असतो, मग दोघांना एक पुरे. ज्या साध्या इंजिनांत दोनच दिवे आळीपाळीने लागतात, तिथे हा युक्तिवाद खराही आहे. आपल्या इंजिनात तो टिकत नाही. भारतीय इंजिनावर हेडलाइटखेरीज पिवळसर लुकलुकणारा फ्लॅशर असतो, आणि तो लागतो तेव्हा हेडलाइटही लागलेला असू शकतो. समजा, दोन्ही एलईडी एकाच रेझिस्टरवर आहेत. फ्लॅशरची पिवळी एलईडी दोन व्होल्टवरच पेटते. ती पेटली की निळ्या वायरीचा रेझिस्टरपलीकडचा दाब दोन व्होल्टपाशी खाली खेचला जातो. पांढऱ्या एलईडीला तीन लागतात, तिला दोनच मिळतात, ती विझते. म्हणजे फ्लॅशर लुकलुकला की प्रत्येक वेळी हेडलाइट बंद, फ्लॅशर विझला की हेडलाइट चालू. इंजिनाचे दोन दिवे आपसांत भांडत असल्यासारखे दिसते आणि जोडणाऱ्याला वाटते, डिकोडर बिघडला. लाल आणि पांढऱ्याचेही असेच होते. हाच दोष दोन एलईडी समांतर जोडून त्यांना एक रेझिस्टर दिला तरी येतो, फक्त सौम्य रूपात: दोन्ही एकाच रंगाच्या असल्या तरी त्यांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक असतो आणि एक अधिक प्रवाह खाते. म्हणून नियम एकच ठेवावा, प्रत्येक फंक्शनच्या वायरीला स्वतःचा रेझिस्टर. एकाच फंक्शनवर दोन दिवे हवे असतील, उदाहरणार्थ जोडीचा हेडलाइट, तर ते समांतर न जोडता एकामागोमाग एक जोडावेत. दोन पांढऱ्या एलईडींना मिळून सव्वासहा व्होल्ट लागतात, उरलेल्या सव्वासातांसाठी ३.३ किलोओहम, प्रवाह पुन्हा दोन-सव्वादोन मिलिअँपियर. चार मात्र ओळीने लावू नयेत. मग रेझिस्टरसाठी जेमतेम एक व्होल्ट उरतो आणि रुळांवरचा दाब थोडा घसरला तरी चौघीही विझतात. ठरावीक प्रवाह राखणारे आयसी रेझिस्टरऐवजी वापरणारेही आहेत. डब्यांच्या लांब पट्ट्यांना ते चांगले, इंजिनात त्यांची गरज नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. तयार मिळणारे बहुतेक इंजिन युरोप किंवा अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे वायर केलेले असते. युरोपीय मॉडेलमध्ये पुढे पांढरे आणि त्याच वेळी मागे लाल असे दिवे एकाच जोडीने बदलतात. अमेरिकी मॉडेलमध्ये खाली दोन जास्तीचे दिवे असतात आणि ते शिटीबरोबर आळीपाळीने लुकलुकतात. यातले काहीही आपल्याकडचे नाही. आपल्या रेल्वेचे सर्वसाधारण नियम १९७६ सालचे, वेळोवेळी सुधारलेले. त्यानुसार रात्री धावणाऱ्या गाडीच्या इंजिनाला हेडलाइट आणि पुढे दोन मार्कर दिवे हवेत, आणि गाडीच्या शेवटच्या वाहनाला लाल टेल लॅम्प हवा. हा लाल दिवा नुसती ओळख नसते. गाडी पुढे गेल्यावर स्टेशनमास्तर, केबिनमधला माणूस, फाटकावरचा माणूस तो पाहूनच ठरवतात की गाडी पूर्ण आली, मधे तुटून काही डबे मागे राहिले नाहीत. समोरून दुसरी गाडी येत असेल तर लोको पायलटने हेडलाइट मंद करायचा असतो. फ्लॅशर लागतो तो संकटात: गाडी रुळावरून घसरली, तुटली, शेजारच्या मार्गाला अडथळा झाला, तर समोरून येणाऱ्या गाडीला थांबवण्यासाठी. आणि इंजिनाच्या मागच्या टोकाला लाल दिवा हवा तो इंजिन एकटेच धावत असताना. डबे जोडलेले असतील तर लाल दिव्याची जागा शेवटच्या डब्यावर आहे, इंजिन आणि पहिला डबा यांच्या मधल्या फटीत नाही. परदेशी वायरिंग जसेच्या तसे ठेवले की नेमके हेच होते: डब्याच्या तोंडाशी इंजिनाचे लाल दिवे पेटलेले, आणि गाडीची शेपटी अंधारात. ज्याने शेगावच्या किंवा नांदुऱ्याच्या फलाटावरून एकदाही गाडी जाताना पाहिली आहे त्याला ही चूक लगेच खटकेल.

यावरून फंक्शनांची वाटणी ठरते. पुढचा हेडलाइट पांढऱ्या वायरीवर, मागचा पिवळ्यावर, फ्लॅशर हिरव्यावर. दोन्ही टोकांचे फ्लॅशर एकाच फंक्शनवर चालतील. मार्कर दिवे हेडलाइटपासून वेगळे ठेवता आले तर उत्तम, कारण फलाटावर उभ्या गाडीचा हेडलाइट बंद करून मार्कर चालू ठेवता येतात आणि जलंबचे थांबलेले दृश्य त्यानेच खरे वाटते. त्यासाठी सहा फंक्शनांचा डिकोडर लागतो. चारच असतील तर काय सोडायचे? इंजिनावरचे लाल दिवे सोडावेत. फाट्यावरची गाडी जवळपास नेहमी डब्यांसकट धावते, मग इंजिनाच्या लाल दिव्यांसाठी वायर खर्च करण्यात अर्थ नाही. मार्कर मात्र जपावेत. एक सावधानता: २१ पिनांच्या काही डिकोडरांत तिसरे आणि चौथे जादा फंक्शन केवळ संकेत देते, दिवा चालवण्याइतका प्रवाह देत नाही. तिथे मधे एक ट्रान्झिस्टर लागतो. घेण्यापूर्वी माहितीपत्रकात ही ओळ शोधावी.

आक्षेप असा येऊ शकतो की, ही सगळी नियमांची काटेकोरी एका खेळण्यासाठी कशाला? १:८७ चे मॉडेल तसेही पूर्ण अचूक होऊच शकत नाही. हे खरेच आहे, आणि आपल्या ब्रॉडगेजच्या बाबतीत तर ठळकपणे खरे आहे. आपला रूळ १,६७६ मिलिमीटर रुंद. १:८७ ला तो सव्वाएकोणीस मिलिमीटरचा हवा, बाजारात या प्रमाणासाठी मिळणारा, एचओ नावाचा, रूळ साडेसोळाचा. तेव्हा गाडी रुळापेक्षा रुंद दिसते, आणि हौशी लोकांनी हे मुकाट्याने स्वीकारलेले आहे. अरुंद ७६२ मिलिमीटरच्या मार्गांचे बरे, तो ९ मिलिमीटरच्या रुळावर जवळपास नेमका बसतो. पण रुळाची रुंदी बदलायला सगळी चाके बदलावी लागतात; दिवे योग्य लावायला दोन वायरी अधिक लागतात. जी अचूकता स्वस्तात मिळते ती सोडून देणे आणि महागडीच्या मागे लागणे शहाणपणाचे नाही. शिवाय दिवा ही मॉडेलमधली एकमेव गोष्ट आहे जी गाडी काय करते आहे ते सांगते. रंग आणि आकार गाडी कोणती ते सांगतात. दिवा ती आली, थांबली, निघाली, अडकली हे सांगतो.

हाताने करायच्या कामात सर्वांत नाजूक भाग म्हणजे ०६०३ आकाराची एलईडी. तिची लांबी १.६ मिलिमीटर, रुंदी ०.८. तिच्या दोन टोकांना केसाइतकी, म्हणजे दशांश मिलिमीटर जाडीची, मुलामा दिलेली तांब्याची तार जोडायची. खामगाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि डाग देण्यात तिथल्या कारागिराचा हात कुणी धरणार नाही; पण चांदीचा डाग आणि हा डाग यांचा धर्म उलटा आहे. चांदीला टाकणखार लावून ज्योतीवर सगळा दागिना तापवतात आणि डाग त्या तापलेल्या धातूत ओढला जातो. इथे तापवायचे ते फक्त टोक, तेही एक-दोन सेकंद. जास्त वेळ धरला तर एलईडीच्या आतला सोन्याचा धागाच तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तारेला आधी कथील चढवून घ्यायचे, एलईडीच्या टोकाला फ्लक्सचा थेंब लावायचा, ती दुतोंडी चिकटपट्टीवर पालथी बसवायची आणि सोल्डरिंग आयर्न टेकवून लगेच उचलायचे. ऋण बाजूला बहुधा हिरवी खूण असते, पण प्रत्येक कंपनीची पद्धत सारखी नाही. मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर लावून एलईडी किंचित उजळते का पाहावे आणि तेव्हाच निळ्या वायरीकडे जाणाऱ्या तारेला लाल शाई लावून ठेवावी. पुढे इंजिनाच्या आत दोन्ही तारा सारख्याच दिसतात.

वायरी जोडल्यानंतरची अर्धी कामे आता सोल्डरिंग न करता होतात. डिकोडरमध्ये सीव्ही नावाच्या क्रमांकित नोंदी असतात. नव्या डिकोडरचा पत्ता सीव्ही १ मध्ये ३ असा भरलेला असतो. दिव्यांच्या तक्रारींत सर्वाधिक भरणारी एक तक्रार सीव्ही २९ ची आहे. गाडीचा वेग वाढवला की हेडलाइट लागतो, विझतो, पुन्हा लागतो. माणूस डाग तपासत बसतो. कारण डागात नसते. जुन्या १४ पायऱ्यांच्या वेगपद्धतीत आज्ञेतला एक बिट हेडलाइटसाठी राखीव होता. २८ पायऱ्यांच्या पद्धतीत तोच बिट वेगासाठी वापरतात. रुळांवर आज्ञा पाठवणारा नियंत्रक २८ पायऱ्यांनी बोलत असेल आणि डिकोडर १४ ने ऐकत असेल, तर वेगाच्या एकाआड एक पायरीला डिकोडर ‘दिवा लाव’, ‘दिवा विझव’ असे समजतो. सीव्ही २९ मध्ये २ किमतीचा बिट चालू केला की तक्रार संपते. दिवा मंद करणे, फ्लॅशरची लय, बल्बप्रमाणे हळूहळू उजळणे हेही सीव्हींतून होते, आणि हेडलाइट मंद करण्याची आज्ञा स्वतंत्र बटणावर नेता येते. समोरून गाडी आली की हेडलाइट मंद करण्याचा आपला नियम त्यामुळे मॉडेलमध्ये हुबेहूब पाळता येतो. इथे काहीजण म्हणतात, मंद करणे सीव्हीतून होत असेल तर रेझिस्टर लहान घेतला किंवा वगळला तरी काय बिघडले? बिघडते. डिकोडर दाब कमी करत नाही, तो दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतो आणि डोळ्याला सरासरी मंद दिसते. चालू असतानाच्या प्रत्येक क्षणी एलईडीवर पूर्ण दाब असतो. रेझिस्टर नसेल तर पहिल्याच क्षणी ती जाईल.

दुसरा जुना आक्षेप असा की, एलईडीचा प्रकाश निळसर, थंड. बल्बची ऊब तिच्यात नाही. सुरुवातीच्या पांढऱ्या एलईडींबाबत ही तक्रार बरोबर होती. आता २,७०० ते ३,००० केल्विनच्या पिवळसर एलईडी सहज मिळतात, तेव्हा तो मुद्दा उरलेला नाही. पण रंग निवडताना काळ पाहावा. वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेले डब्ल्यूडीएम-२ इंजिन आणि पिवळ्या बल्बचे डबे एकत्र शोभतात. त्यांना पिवळसर एलईडीच हवी. नंतरच्या डब्यांत ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आला, आणि हल्लीच्या डब्यांत तर खऱ्याच एलईडी आहेत. तिथे थंड पांढरी एलईडी हाच खरा रंग. एकाच गाडीत दोन काळांचे दिवे मिसळले की डोळा कारण न कळताही अस्वस्थ होतो.

डब्यांसाठी बाजारात मिळणारी बारा व्होल्टची एलईडी पट्टी सर्वांत स्वस्त. मीटरला साठ एलईडींच्या पट्टीत दर पाच सेंटीमीटरला तीन एलईडी आणि त्यांचा रेझिस्टर असा एक तुकडा असतो. आयसीएफ कारखान्याच्या धाटणीचा डबा या प्रमाणात साडेचोवीस सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास पाच तुकडे. प्रत्येकाला साधारण वीस मिलिअँपियर धरले तर एका डब्याला शंभर, चार डब्यांना चारशे: एखादे चांगले इंजिन स्वतः ओढते तितका प्रवाह नुसत्या दिव्यांत. जादा रेझिस्टर लावून हा प्रवाह दहापट खाली आणला तरी उजेड पुरतो आणि खिडक्यांतून उतू जात नाही. डब्यात रुळांपासून वीज घेण्यासाठी ब्रिज रेक्टिफायर लागतो, आणि रुळावरच्या धुळीने दिवे लुकलुकू नयेत म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर. तो थेट लावू नये. सगळे डबे एकदम रुळावर ठेवले की सगळे कपॅसिटर एकाच वेळी भरतात आणि नियंत्रकाला ते शॉर्टसर्किट वाटून तो बंद पडतो. शंभर ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक डायोड लावला की भरणे सावकाश होते, आणि वीज देताना अडथळा येत नाही. शेवटच्या डब्यात मात्र स्वतंत्र फंक्शन डिकोडर द्यावा, टेल लॅम्पसाठी. फाट्यावर गाडी दोन्ही दिशांना धावते, डब्यांचा क्रम तोच राहतो आणि शेपटी बदलते. दोन्ही टोकांच्या डब्यांना लाल दिवा बसवून जो मागे असेल तोच पेटवता यायला हवा. खर्च वाढतो, पण या साऱ्या आराखड्यात मला सर्वांत समर्थनीय वाटणारा खर्च हाच आहे.

खर्चाचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. एलईडी आणि रेझिस्टर काही रुपयांत मिळतात, पण आयात केलेला एक डिकोडर काही हजारांच्या घरात जातो, नियंत्रक त्याहून महाग. तालुक्याच्या गावातल्या पगारदार माणसाला हे परवडेल का? याची दोन उत्तरे आहेत. पहिले, डिकोडर सर्वत्र लागत नाही. स्थानकाचे दिवे, फलाटावरचे खांब, घरे, खामगावच्या कापसाच्या गोदामाबाहेरचा बल्ब यांना साधा बारा व्होल्टचा अडॅप्टर पुरे. ते डीसीसीवर टाकणे म्हणजे महाग वीज जाळणे. दुसरे, नियंत्रक आणि फंक्शन डिकोडर घरी बनवता येतात. २०१५ साली ग्रेग बर्मन यांनी डीसीसी++ ही अर्डुइनो या छोट्या, स्वस्त नियंत्रक पाटीवर चालणारी खुली प्रणाली प्रसिद्ध केली. तिचेच पुढचे रूप डीसीसी-ईएक्स. एक अर्डुइनो आणि मोटर शील्ड यांतून रुळांसाठीचा संकेत तयार होतो. उलट बाजूने, ६एन१३७ हा जलद ऑप्टोकप्लर आणि छोटा अर्डुइनो यांतून रुळांवरचा संकेत वाचणारा फंक्शन डिकोडर बनतो. तो वीस सेंटीमीटरच्या इंजिनात मावणे कठीण, पण डब्यात सहज मावतो, आणि टेल लॅम्पला तेवढेच हवे. बॅटरी आणि रेडिओवर गाडी चालवून रुळांतली वीजच काढून टाकावी, असाही एक पर्याय सांगितला जातो. बागेत चालणाऱ्या मोठ्या गाड्यांना तो उत्तम. एचओ इंजिनात सध्या तरी बॅटरीला पुरेशी जागा नसते.

या हौसेला महाराष्ट्रात परंपरा नाही असेही नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे, आणि सिग्नल, खांब, पूल यांसह संगणकीय पॅनेलवरून चालणारी नगरी तिथे पाहायला मिळते. पण ती पुण्यात आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलाला तिथे जायला रात्रभराचा प्रवास करावा लागतो, आणि जोडणी कशी करायची हे समजावून सांगणारे लेखन त्याला इंग्रजीत, बहुतेक अमेरिकी इंजिनांच्या संदर्भात वाचावे लागते. आवश्यक ते कौशल्य मात्र जिल्ह्यातच आहे. शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालापासून चालू आहे. तिथे आणि जिल्ह्याच्या इतर तंत्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रॉनिक्सची मुले दरवर्षी प्रकल्प करतात. वाहतुकीचे सिग्नल आणि पाण्याच्या टाकीचा अलार्म यांच्याच रांगेत जलंब–खामगाव फाट्याची छोटी प्रतिकृती का नसावी? तिच्यात ओहमचा नियम आहे, संकेत वाचणे आहे, ट्रान्झिस्टर आहे, अर्डुइनो आहे, आणि रेल्वेचे सुरक्षेचे नियमही आहेत. शिक्षकांना विनंती आहे की येत्या वर्षी एका गटाला हा प्रकल्प द्यावा: दोन स्थानके, एक इंजिन, चार डबे, आणि पहिल्याच दिवशी वायरीला हात लावण्याआधी कोणता दिवा कधी लागेल याचा तक्ता मराठीत लिहून घ्यावा.